नाकवाल्या मॅडम

मॅडम माणसांचा वास घेत. प्रयोगशाळेच्या दारात एक हात चौकटीवर ठेवून त्या उभ्या राहत आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला तिथेच थांबवून नाक किंचित पुढे करत. तेल, पावडर, गजरा, अत्तर, हाताला लावायचं क्रीम, डब्यातल्या लोणच्याच्या फोडणीचा वास, यांतलं काहीही सापडलं की माणूस परत. कॉलेजात सगळे त्यांना ‘नाकवाल्या मॅडम’ म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं. “नाक आहे म्हणून काम चाललंय,” त्या म्हणत. “बाकीच्यांना नुसतं तोंड आहे.”

मी मेधा, पुण्याची, दातांची डॉक्टर. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी हैदराबादला आले. कुकटपल्लीला फ्लॅट घेतला आणि नुसतं घरी बसायला नको म्हणून पीएच.डी.ला नाव घातलं. मार्गदर्शक मराठी आहेत हे कळल्यावर आईला केवढा आनंद झाला होता. परक्या गावात आपलं माणूस मिळालं, असं ती सगळ्यांना सांगत होती. पहिल्या दिवशी मी आईने दिलेलं जास्वंदीचं तेल लावून, घट्ट वेणी घालून गेले. आपल्या माणसाने दारातच अडवलं.

“तेल?”

“हो, थोडंसंच.”

“धुऊन ये.”

मला वाटलं, बाथरूम कुठे आहे ते सांगतील. म्हणून मी तशीच उभी राहिले.

“हौल्यासारखी उभी काय राहतेस? घरी जाऊन धू. साध्या साबणानं. शाम्पूचा पण वास नक्को.”

मी नामपल्लीहून मेट्रोने कुकटपल्लीला परत गेले, डोकं धुतलं आणि ओल्या केसांनी पुन्हा आले. तोवर दुपार कलली होती. मॅडमनी वास घेतला आणि दारातून बाजूला झाल्या. “उशीर झाला,” एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून त्या मला आवडेनाशा झाल्या आणि पुढे त्या मतात फार फरक पडला नाही.

वासाचं कारण मात्र खरं होतं. आमचं काम झिर्कोनियावर होतं. दात पडला की त्या जागी हाडात जी कृत्रिम मुळी बसवतात, ती बहुतेक वेळा टायटॅनियमची असते. झिर्कोनिया हा दुसरा पर्याय. तो पांढरा असतो, दातासारखा दिसतो, म्हणून लोकांना आवडतो. प्रश्न एवढाच की हाडाच्या पेशी त्याला किती लवकर आणि किती घट्ट धरतात. घासून-पुसून तयार केलेला झिर्कोनियाचा तुकडा नुसता डबीत पडून राहिला तरी हवेतली चिकट, तेलकट घाण त्याच्यावर बसते. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही, पण पेशींना ती कळते. त्या तुकड्यावर ठरावीक वेळ अतिनील किरण सोडले की ती घाण निघून जाते आणि पृष्ठभाग पुन्हा ताजा होतो. पेशी अशा पृष्ठभागावर खरंच लवकर बसतात का, हे मला तपासायचं होतं.

हे सगळं मॅडमनी मला समजावून सांगितलं असं नाही. झिर्कोनियाच्या नाण्याएवढ्या दोन चकत्या त्यांनी माझ्यासमोर ठेवल्या आणि दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब सोडला. एकीवर थेंब मण्यासारखा टेकून उभा राहिला. दुसरीवर, किरण दिलेल्या चकतीवर, तो सोडल्याक्षणी पसरला आणि नाहीसा झाला, नुसती ओल राहिली. मी खरोखर चकित झाले होते. “किती छान,” असं तोंडातून निघून गेलं.

“छान काय त्यात?” मॅडम म्हणाल्या. “पाणी पसरलं. पाणी म्हणजे हाड आहे का?”

ही त्यांची तऱ्हा होती. समोरच्याला आनंद झालेला दिसला की तो लगेच हातातून काढून घ्यायचा. माझी सहकारी समीना त्यांच्याकडे माझ्या आधीपासून होती. ती म्हणायची, “क्या करते जी, उन्हों ऐसेइच हैं. दिल पे नक्को लो.” समीनाला ते जमायचं. तिने एकदा ईदचा शीरखुर्मा आणला तर मॅडमनी तो जिन्यात उभं राहून खाल्ला, वाटी परत केली आणि म्हणाल्या, “आता तूप लागलेलं तोंड धुऊन मग आत ये. मी पण धुते.” समीना हसत सुटली होती. माझ्याबाबतीत असं काही झालं असतं तर मी आठवडाभर मनात घोळवत बसले असते.

मॅडमचं घराणं बरकतपुऱ्यातलं, निजामाच्या काळापासून इथे स्थायिक झालेलं. वडील शिक्षण खात्यात होते, भाऊ वकील. लग्न केलेलं नव्हतं. त्यांची मराठी उर्दू आणि तेलुगूच्या सोबतीने वाढलेली. होकाराला ‘हौ’, नकाराला ‘नक्को’, आणि मागच्या कुठल्याही दिवसाला ‘परवा’. मागच्या आठवड्यात झालेलं असो की त्या कॉलेजात शिकत असताना झालेलं असो, सगळं ‘परवा’. एकदा त्या म्हणाल्या, “परवा हा लॅम्प दुरुस्त केला होता,” आणि मी त्या भरवशावर प्रयोग लावला. दिवा निळा दिसत होता, पण त्याचा जोर पार उतरलेला होता. मोजल्यावर ते कळलं आणि सगळं वाया गेलं. मी चिडून म्हणाले, “मॅडम, परवा म्हणजे कालच्या आदल्या दिवशी. निदान मराठीत तरी.”

त्यांनी चष्मा काढला. “आमची मराठी इथंच मोठी झाली. पुण्याहून पार्सल नाही आली. आणि दिव्याचा जोर मोजल्याशिवाय प्रयोग लावायचा, हे कुठल्या मराठीत लिहिलंय?”

त्यांच्याशी भांडताना नेहमी हे व्हायचं. आपली तक्रार रास्त असायची, पण ती मांडून झाली की आपलीच काहीतरी चूक टेबलावर पडलेली असायची.

दुसऱ्या वर्षी मला पहिला खरा निकाल मिळाला. किरण दिलेल्या चकत्यांवर पेशी कितीतरी जास्त बसल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या रंगात चमकत होत्या. हातपाय पसरून, पृष्ठभागाला धरून बसल्यासारख्या. किरण न दिलेल्या चकत्यांवर त्या थोड्या होत्या आणि गोल, आखडलेल्या. मी समीनाला बोलावलं, चित्रं काढली, नवऱ्याला फोन केला. मॅडम आल्या, बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या.

“मोजल्या कुणी?”

“मी.”

“कुठली चकती किरणवाली, हे तुला माहीत होतं?”

“अर्थात. मीच केल्यात.”

“मग परत मोज. समीना चकत्यांवरचे नंबर बदलून देईल. कुठली कुठली आहे ते तुला कळता कामा नये.”

“तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. “आणि अजून एक. दिवा लागला की किरणांचा डबा गरम होतो. हे किरणांनी झालं की उबेनं झालं, तुला काय माहीत? चकत्यांचा तिसरा गट कर. त्याच दिव्याखाली, पण वर साधी काच ठेवून. काचेतून हे किरण जात नाहीत, ऊब जाते. मग बोल.”

म्हणजे सगळं पहिल्यापासून. मी त्या संध्याकाळी मेट्रोत उभ्या उभ्या रडले. नवरा म्हणाला, “गाइड बदल.” मी चौकशीही केली. मॅडमचा विद्यार्थी घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. “त्या परीक्षेला येऊन बसतील आणि आमचीच हजेरी घेतील,” असं एकाने तोंडावर सांगितलं.

मी तिसरा गट केला. सगळ्या चकत्यांवर पेशी सोडल्या आणि लांब पल्ल्याचा प्रयोग सुरू झाला. पेशींना ठरावीक दिवसांनी नवं पोषण द्यावं लागतं, नाहीतर त्या मरतात. प्रयोग मध्यावर असताना पुण्याहून फोन आला की बाबा गेले. त्यांना काहीच झालं नव्हतं. सकाळी चहा प्यायला बसले आणि तिथेच कलंडले.

मी मॅडमच्या खोलीत गेले. काय बोलले ते धड आठवत नाही. त्या उठून उभ्या राहिल्या हे आठवतं. कुणी खोलीत आलं म्हणून त्या कधी उठत नसत.

“जा,” त्या म्हणाल्या. “पेशी कोण बघणार?”

समीना मागेच उभी होती. ती म्हणाली, “मैं देखतूं मॅडम. मेरेकू आता.”

“नक्को.” मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “तुझे वडील गेले, मला वाईट वाटतं. पण पेशींना ते माहीत नाही. मध्येच हात बदलला तर तो दुसरा प्रयोग होतो.”

मी गेले. बाबांचे दिवस करून परतले तेव्हा माझ्या सगळ्या प्लेट्स रिकाम्या, धुऊन, उलट्या ठेवलेल्या होत्या. समीना माझ्याशी नजर मिळवत नव्हती. तिने दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा मॅडमनी तिला पेशी ठेवलेल्या इन्क्युबेटरला हात लावू दिला नव्हता. पेशी मेल्यावर मॅडमनी स्वतः ब्लीच ओतून त्या फेकल्या आणि प्लेट्स स्वतःच्या हातांनी घासल्या. कित्येक महिन्यांचं काम त्या नळाखाली वाहून गेलं होतं.

मी त्यांना विचारलं, “समीनानं केलं असतं तर काय बिघडलं असतं?”

“काही बिघडलं नसतं कदाचित.”

“मग?”

“कदाचित,” त्या म्हणाल्या. “हा शब्द मला प्रबंधात चालत नाही.”

यात त्या चुकल्या होत्या, असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. समीनाचा हात माझ्याइतकाच स्वच्छ होता. कुणीही शहाणा मार्गदर्शक तिला ते काम करू देतो, तशी नोंद करतो आणि पुढे जातो. मी नंतर आणखी लोकांना विचारून पाहिलं. त्यांच्यातही कुणी मॅडमची बाजू घेतली नाही. नियम पाळण्याचा एक हट्ट असतो, तो कामाच्या भल्यासाठी नसतो, स्वतःच्या मानेचा ताठा टिकवायला असतो. बाबांच्या चितेची राख अजून माझ्या मनात गरम होती आणि ही बाई मला शब्द शिकवत होती. त्यानंतर बरेच दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांना यात काही वेगळं वाटलं असेल असं दिसलं नाही. त्या पहिल्यापासून कामापुरतंच बोलत.

पुन्हा चकत्या, पुन्हा दिवा, पुन्हा काच. या वेळी सगळं शेवटपर्यंत गेलं. ऊब काही करत नव्हती. काचेखालच्या चकत्या साध्या चकत्यांसारख्याच निघाल्या, म्हणजे जे होत होतं ते किरणांनीच होत होतं. मला मोजताना कुठली चकती कुठली हे ठाऊक नव्हतं, तरी पहिल्या दिवसांतला फरक स्पष्ट होता. पण पुढे पुढे साध्या चकत्यांवरच्या पेशीही वाढत गेल्या आणि शेवटी दोन्ही सारख्याच भरल्या. किरणांनी सुरुवात चांगली होत होती. शेवट तोच होता.

चकत्या आणि किरणांचा डबा आम्हाला इम्प्लांट, म्हणजे त्या कृत्रिम मुळ्या, बनवणाऱ्या एका कंपनीने दिलेला होता. कारखाना आमच्याच कुकटपल्लीच्या बाजूला. मालक हौशी माणूस, बोलायला गोड. त्यांनी मला सांगून ठेवलं होतं की पीएच.डी. झाली की संशोधन विभाग तुम्हीच सांभाळा. पगार असा सांगितला होता की नवऱ्याने दोनदा विचारलं. त्यांचा बेत साधा होता. कारखान्यातच इम्प्लांटवर किरण सोडायचे, पुडक्यात भरायचे, आणि वर छापायचं की याला हाड लवकर धरतं.

मॅडमना हे कळलं आणि त्यांनी मला बोलावलं. “पुडकं बांधल्यापासून डॉक्टरनं उघडेपर्यंत किती काळ जातो?”

“काही महिने. कधी जास्तही.”

“तोपर्यंत ते ताजं राहतं?”

हा माझ्या विषयाचा भागच नव्हता. मंजूर झालेल्या आराखड्यात त्याचा उल्लेखही नव्हता.

“मग बघ,” मॅडम म्हणाल्या. “एक प्रकरण वाढव.”

मला स्वच्छ दिसलं की ही बाई मला कधीही मोकळं करणार नाही. बाकी सगळे आपापले प्रबंध संपवून गेले होते. तरी मी ते केलं, कारण त्यांच्या सहीशिवाय प्रबंध पुढे जाणार नव्हता. कंपनीचीच पुडकी घेतली, किरण दिलेल्या चकत्या त्यांत बांधून ठेवल्या आणि थोड्या थोड्या काळाने उघडून पाहिल्या. प्रत्येक वेळी थेंब आधीपेक्षा जास्त उभा राहिला. शेवटच्या पुडक्यातल्या चकतीवर तो मण्यासारखा बसला. पुडक्यातही घाण बसत होती. किरणांचा काही उपयोग असलाच तर तो इम्प्लांट बसवण्याच्या वेळी, पेशंटच्या खुर्चीशेजारी ते सोडले तरच. कारखान्यात सोडून काही अर्थ नव्हता.

मालक स्वतः भेटायला आले. मॅडमनी त्यांना दारात थांबवलं, नेहमीसारखं. “अत्तर लावलंय. आपण बाहेर बसू.”

आम्ही तिघं जिन्याजवळच्या बाकावर बसलो. मालक म्हणाले, “मॅडम, बाकी सगळं काम फर्स्ट क्लास आहे. हे शेवटचं प्रकरण तेवढं वेगळं ठेवू. इनका नुकसान होता. पोरीचं करिअर आहे.”

“पोरीचं करिअर आहे, म्हणून तुम्ही आलात?”

“मॅडम, किरण दिल्यानं पेशंटला त्रास तर काही होत नाही. चांगलं नाही झालं तरी वाईट होत नाही. मग हरकत काय?”

“माझी काहीच हरकत नाही,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही पुडक्यावर काय पाहिजे ते छापा. ते तुमचं आहे. माझ्या सहीच्या वर काय छापायचं, ते माझं आहे.”

“मेधा मॅडमना विचारा ना. त्यांचा प्रबंध आहे.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “तिला विचारायचं नाही. तिला तुमची नोकरी पाहिजे आहे. आत्ता तिच्या तोंडून जे निघेल त्याची किंमत काय?”

एवढं अपमानास्पद माझ्यासमोर, माझ्याबद्दल, कधी कुणी बोललं नव्हतं. मी हो म्हणणार होते की नाही, हे त्यांनी ठरू दिलं नाही. मालक उठले, हसत नमस्कार केला आणि गेले. आठवड्याच्या आत कंपनीचा माणूस किरणांचा डबा परत न्यायला आला. नोकरीचं पुन्हा कुणी बोललं नाही. प्रबंधात शेवटचं प्रकरण गेलं. पुढे कधीतरी त्या कंपनीची पुडकी बाजारात आली, वर किरणांचं चित्र होतं. त्यांना हवं तसं लिहून देणारं दुसरं कुणीतरी मिळालं असणार.

खुल्या मौखिक परीक्षेच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. बाहेरून आलेले परीक्षक खूश होते. काचेच्या गटाचं त्यांनी विशेष कौतुक केलं, मी ते कौतुक गुपचूप घेतलं. प्रश्न संपत आले, चहाची तयारी दिसू लागली, आणि मॅडम पहिल्या रांगेतून उठल्या. स्वतःच्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक प्रश्न विचारत नाही. तशी पद्धतच नाही. परीक्षकांनाही काय करावं कळेना.

“हे सगळं प्लास्टिकच्या ताटलीत झालं,” मॅडम म्हणाल्या. “माणसाच्या जबड्यात काय होईल?”

मला माहीत होतं की इथे काहीतरी बोलायला हवं. सगळे बोलतात. निष्कर्ष आशादायक आहेत, पुढील संशोधन व्हावं, वगैरे. वाक्य तयार होतं.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले.

“अंदाज?”

“अंदाज करण्याइतकंही माझ्या हातात काही नाही.”

मॅडम बसल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग मोठे परीक्षक म्हणाले की त्यांच्या मते हेच आजचं सर्वांत चांगलं उत्तर होतं. मला पदवी मिळाली. फोटोच्या वेळी मॅडम नव्हत्या. समीनाने जिन्यापर्यंत जाऊन हाक मारली, तर म्हणाल्या, “फोटोत मी काय करू? काम तिनं केलंय.” हे समीनाने मला कौतुक म्हणून सांगितलं. मी ते अजूनही तसं घेऊ शकत नाही. आई त्या फोटोसाठी पुण्याहून आली होती, आणि मधली खुर्ची रिकामी राहिली.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटले. त्या निवृत्त झाल्या होत्या, मला एका दुसऱ्या कॉलेजात शिकवायची नोकरी लागली होती. बरकतपुऱ्याला त्यांच्या घरी गेले. खाली भावाचं ऑफिस, वर त्या. मी पेढे नेले होते.

“पेढे कशाला? मला साखर आहे,” त्या म्हणाल्या. मग, “काय शिकवतेस?”

मी सांगितलं. त्यांनी मुलांना कुठली प्रात्यक्षिकं देते ते विचारलं, त्यातल्या दोन चुका काढल्या, आणि “ऊन वाढतंय, निघ,” म्हणाल्या. पेढे खाली वकीलसाहेबांकडे देऊन मी निघाले. रिक्षात बसल्यावर त्या दोन्ही चुका बरोबर होत्या हे लक्षात आलं, आणि त्याचा संताप आला.

आता माझ्या हाताखाली विद्यार्थी आहेत. मी कुणाला घरी पाठवत नाही, कुणाच्या घरी माणूस गेलं तर त्यांच्या प्लेट्स मी स्वतः सांभाळते. ते मॅडमच्या नाकावर टिच्चून करते, हेही खरं. पण कुणी चमकणारा निकाल घेऊन धावत आलं की माझ्या तोंडून पहिला प्रश्न “मोजल्या कुणी?” हाच निघतो. मुलांचे चेहरे पडतात. त्यांनी मला काय नाव ठेवलंय, ते मी विचारलेलं नाही.

मॅडम गेल्या वर्षी गेल्या. शोकसभा बरकतपुऱ्यातल्याच एका हॉलमध्ये होती. बरीच माणसं आली होती. त्यांच्या भाचीने दोन शब्द वाचले. मराठी होते, पण तिने मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत लिहून आणले होते आणि ‘ळ’ आला की ती अडखळत होती. मग एकामागून एक लोक उठले. बाहेरून कठोर, आतून मऊ. वरून फणस, आतून गरे. एकाने नारळाची उपमा काढली. ज्यांना मॅडमनी आयुष्यभर दारात उभं केलं होतं, ते सगळे त्यांना आतून गोड करून सोडत होते. मला ऐकवेना. आणि नेमकं माझं नाव पुकारलं गेलं, त्यांची विद्यार्थिनी म्हणून.

मी उभी राहिले. “मॅडम आतून गोड नव्हत्या,” मी म्हणाले. “आतून-बाहेरून सारख्याच होत्या. मला त्या आवडत नव्हत्या. माझे वडील गेले तेव्हा त्या माझ्याशी वाईट वागल्या, आणि ते मी विसरलेले नाही. त्यांच्यामुळे माझी एक चांगली नोकरी गेली. पण माझ्या प्रबंधातलं एकही वाक्य मला आजपर्यंत मागे घ्यावं लागलेलं नाही. माझ्या ओळखीत असं म्हणू शकणारे फार लोक नाहीत. एवढंच.”

मी बसले. पुढच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. समीना माझ्या शेजारी होती. तिने माझा हात घट्ट धरला आणि सोडला नाही. मग शांतिपाठ झाला आणि लोक उठले.

दाराशी वकीलसाहेब उभे होते, प्रत्येकाला नमस्कार करत. मॅडमसारखंच उभट तोंड, फक्त डोळे पाणावलेले. वाटलं, आता हे मला बोलणार. मी मान खाली घालून पुढे झाले. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

“तुम्ही खरं बोललात,” ते म्हणाले. “ताई तुमच्याबद्दल घरी बोलायची. पुष्कळ वेळा. काय म्हणायची, सांगू?”

मागे रांग होती. समीना माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला ते ऐकायचं होतं, हे मला दिसत होतं. वकीलसाहेबांचा आवाज मऊ झाला होता, म्हणजे ते काहीतरी चांगलंच असणार, किंवा माणसं अशा वेळी जे चांगलं करून सांगतात तसं काहीतरी.

“नको,” मी म्हणाले. “त्यांना जे म्हणायचं होतं, ते त्यांनी मला तोंडावर म्हटलेलं आहे.”